सांगलीच्या जमिनीत पायाखालचे ग्राऊटिंग: नवख्यांसाठी मार्गदर्शन

पायाखालच्या कमकुवत जमिनीत छिद्रे पाडून त्यांतून सिमेंटचे किंवा रसायनाचे मिश्रण दाबाने सोडायचे, त्याद्वारे जमिनीतील पोकळ्या भरायच्या, कण एकमेकांशी बांधायचे किंवा सैल माती दाबून घट्ट करायची, या कामाला ग्राऊटिंग म्हणतात. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांतील महापुरांनी कृष्णाकाठच्या अनेक घरांच्या पायात पाणी मुरवले. ज्यांच्या भिंतींना तडे गेले किंवा फरशी बसली, त्यांना कोणी ना कोणी ग्राऊटिंग करून घेण्याचा सल्ला देतोच. हा सल्ला काही घरांना अगदी योग्य असतो आणि काही घरांना उघडपणे घातक ठरतो. हा फरक ठेकेदाराच्या कौशल्यापेक्षा पायाखालची माती कोणत्या जातीची आहे यावर जास्त अवलंबून असतो. म्हणून या लेखात पंप आणि मिश्रणाआधी माती आणि पाणी यांचा विचार सविस्तर केला आहे. हा लेख घरमालक आणि नुकतेच या कामात पडलेले डिप्लोमाधारक किंवा अभियंते यांच्यासाठी आहे. प्रत्यक्ष आराखडा अनुभवी स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि माती-तज्ज्ञ यांच्याकडूनच करून घ्यावा.

पहिली पायरी: घर का बसले, ते शोधा

सांगली परिसरात जमीन थोड्या अंतरावर बदलते. नदीकाठच्या मळीत पुराने आणून टाकलेला पोयटा, बारीक वाळू आणि गाळ यांचे थर असतात. नदीपासून दूर, सखल भागांत काळी चिकण माती खोलवर जाते. मिरजेच्या बाजूला किंवा जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडे गेल्यास बहुतेक ठिकाणी थोड्या खोलीवर मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. यांशिवाय चौथा प्रकार माणसाने केलेला असतो, तो म्हणजे भराव. जुने ओढे, खाणी, आड, विहिरी किंवा सखल प्लॉट राडारोडा आणि मिळेल ती माती टाकून बुजवलेले असतात आणि त्यांवर घरे उभी राहिलेली असतात. माझ्या मते घरमालकाने सर्वांत आधी आपल्या प्लॉटचा इतिहास शेजारच्या जुन्या रहिवाशांकडून समजून घ्यावा, कारण बुजवलेली विहीर कोणत्याही सरकारी नकाशावर सहसा सापडत नाही, पण शेजारच्या आजींना ती कुठे होती ते नक्की आठवते.

यानंतर तड्यांकडे पाहावे. भिंतीच्या विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखा तिरका चढत जाणारा तडा बहुधा पायाचा एक भाग दुसऱ्यापेक्षा जास्त बसल्याचे सांगतो. तो वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर घराची एक बाजू बाहेरच्या दिशेने खचत असण्याची शक्यता असते. उन्हाळ्यात उघडणारे आणि पावसाळ्यात मिटणारे तडे मात्र वेगळी गोष्ट सांगतात, ती म्हणजे काळी माती मे महिन्यात आकसली आणि ऑगस्टमध्ये फुगली. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि सुकताना आकसते, आणि भारतात या हालचालीचा परिणाम साधारणपणे साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणवतो, असे धरले जाते. जमिनीच्या या श्वासोच्छ्वासावर ग्राऊटिंग हा उपाय नाही, हे या लेखातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य समजावे.

तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवावी आणि शेजारी तारीख लिहावी. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे हे कळते. पेन्सिलने तड्याच्या टोकाशी खूण करून ठेवणेही उपयोगी पडते. शक्य असल्यास हे निरीक्षण एक पावसाळा आणि एक उन्हाळा धरून चालवावे. घाई असेल तर किमान काही आठवडे तरी चालवावे.

याच काळात पाण्याचे मार्ग तपासावेत. छताचे पाणी पायाजवळ पडते का, बाथरूमची पाइप फुटली आहे का, सेप्टिक टँक झिरपतो का, ड्रेनेजचा चेंबर भिंतीला लागून आहे का आणि भिंतीपासून थोड्या अंतरावर मोठे झाड आहे का, हे सगळे पाहून घ्यावे. फुटक्या पाइपने पायाखालची वाळू वाहून जात असेल आणि पाइप तशीच ठेवून वरून ग्राऊट भरले, तर पाणी ग्राऊटच्या कडेने नवी वाट काढते आणि घर पुन्हा बसते. पाणी थांबवल्यावर अनेक घरांची हालचालही थांबते आणि ग्राऊटिंगची गरजच उरत नाही, ही शक्यता प्रत्येक मालकाने आधी आजमावावी, कारण ती सर्वांत स्वस्त आहे.

दुसरी पायरी: जमिनीची तपासणी

तड्यांवरून केवळ अंदाज येतो, निश्चिती मात्र बोअरहोलनेच (तपासणीसाठी जमिनीत घेतलेल्या खोल छिद्रानेच) होते. जमिनीखालच्या तपासणीसाठी आय.एस. १८९२ ही भारतीय मानक संहिता वापरली जाते. साध्या घरासाठीही बसलेल्या बाजूला एक आणि न बसलेल्या बाजूला एक, असे किमान दोन बोअर घ्यावेत. दोन बाजूंची तुलना झाली की कारण अर्धे उलगडते. बोअरची खोली फुटिंगच्या (पायाच्या सर्वांत खालच्या रुंद भागाच्या) तळाखाली तिच्या रुंदीच्या दीड ते दोन पट असावी आणि भराव लागला तर तो संपून मूळ जमीन लागेपर्यंत बोअर खाली न्यावा.

बोअरमध्ये स्टँडर्ड पेनेट्रेशन चाचणी घेतात. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटर उंचीवरून टाकून ठराविक नळी जमिनीत ठोकतात आणि शेवटच्या ३० सेंटीमीटरला किती घाव लागले ते मोजतात. वाळूत ही संख्या ४ पेक्षा कमी असेल तर ती फारच सैल, ४ ते १० असेल तर सैल आणि १० ते ३० असेल तर मध्यम घट्ट समजतात. चिकण मातीत २ पेक्षा कमी संख्या म्हणजे अगदी मऊ जमीन. प्रयोगशाळेतून मात्र एवढेच आणून थांबू नये. कणांच्या आकाराचा आलेख, नैसर्गिक ओलावा, द्रव आणि प्लास्टिक मर्यादा (माती किती ओलाव्याला वाहू लागते आणि किती ओलाव्यापर्यंत मळता येते) यांबरोबर फ्री स्वेल इंडेक्स (पाण्यात भिजल्यावर माती किती टक्के फुगते ते) आवर्जून मागावा. तो ५० टक्क्यांच्या वर गेला तर माती फुगणारी आहे हे गृहीत धरून पुढचा विचार करावा.

सांगली जिल्ह्यात आणखी एक चाचणी टाळू नये. वाळवा, पलूस, मिरज आणि तासगाव तालुक्यांतील कृष्णाकाठची बरीच बागायती जमीन अतिसिंचनाने क्षारपड झाली आहे. अशा जमिनीत आणि तिच्या भूजलात सल्फेट जास्त असेल तर ते साध्या सिमेंटवर हल्ला करते आणि काही वर्षांत ग्राऊट भुसभुशीत होते. माती आणि पाणी या दोन्हींतील सल्फेट तपासून त्यानुसार स्लॅगयुक्त किंवा सल्फेटरोधक सिमेंट निवडावे. शेतीतून नुकत्याच निवासी झालेल्या प्लॉटवर ही काळजी जास्तच घ्यावी. उसाच्या फडावर वर्षानुवर्षे दिलेले पाणी आणि क्षार एन.ए. झाल्याने जमिनीतून निघून जात नाहीत.

तिसरी पायरी: आपल्या मातीला कोणती पद्धत लागू आहे ते ठरवा

सर्वांत साधी पद्धत म्हणजे पोकळी भरणे. फरशीखालचा भराव पुराचे पाणी ओसरताना वाहून गेला असेल किंवा कालांतराने दबला असेल, तर फरशी आणि माती यांच्यात पोकळी राहते. हातोडीच्या दांड्याने फरशी ठोकत गेले की बद्द आवाजावरून तिचा विस्तार कळतो. अशी पोकळी भरणे हे घरगुती ग्राऊटिंगचे सर्वांत निर्धोक आणि सर्वांत यशस्वी काम आहे. दाब जवळजवळ लागत नाही, मिश्रण वजनानेच पसरते.

दुसरी पद्धत झिरपणीची. यात ग्राऊट मातीची रचना न हलवता कणांमधल्या मोकळ्या जागेत शिरते. साध्या सिमेंटचे मोठे कण ८० ते १०० मायक्रॉनपर्यंत असतात, त्यामुळे ते रेताड खडीत आणि जाड्या वाळूत शिरते, पण बारीक वाळूच्या तोंडाशीच गाळले जाऊन अडते. जुना आणि उपयोगी नियम असा आहे की ज्या आकारापेक्षा मातीचे १५ टक्के कण बारीक आहेत, त्या आकाराला ज्या आकारापेक्षा सिमेंटचे ८५ टक्के कण बारीक आहेत त्याने भागावे. उत्तर २४ च्या वर आले तर ग्राऊट शिरेल आणि ११ च्या खाली आले तर शिरणार नाही. मधल्या उत्तरात आधी प्रत्यक्ष चाचणी छिद्र घेऊन पाहावे. बारीक वाळूसाठी अतिसूक्ष्म सिमेंट किंवा सोडियम सिलिकेटवर आधारित रासायनिक ग्राऊट लागते आणि त्याचा खर्च बराच वाढतो. चिकण मातीत यांपैकी काहीच झिरपत नाही.

काळ्या मातीत पंप लावला तर प्रत्यक्षात काय होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. ग्राऊटला शिरायला जागा नसते, म्हणून ते दाबाने माती फाडते आणि पातळ पत्र्यासारख्या थरांतून जिकडे सोपी वाट मिळेल तिकडे पसरते. हे थर कुठे गेले ते कोणालाच सांगता येत नाही. ते शेजाऱ्याची फरशी उचलतात, जुन्या गटारात भरतात किंवा थेट आडात उतरतात. कामगार समाधानाने सांगतात की जमिनीने एवढी पोती खाल्ली, पण ती पोती पायाखाली राहिलेली नसतात.

तिसरी पद्धत दाबून घट्ट करण्याची, म्हणजे कॉम्पॅक्शन ग्राऊटिंग. यात थालीपीठाच्या पिठाइतके घट्ट, सुमारे २५ ते ५० मिलिमीटर स्लंपचे (साचा काढल्यावर ओले मिश्रण एवढेच खाली बसते असे) वाळू-सिमेंटचे मिश्रण ढकलतात. ते मातीत मिसळत नाही. ते गोळ्याच्या रूपात वाढते आणि भोवतालची सैल माती बाजूला दाबून घट्ट करते. ही पद्धत अमेरिकेत १९५० च्या दशकात विकसित झाली. सैल वाळूत आणि राडारोड्याच्या भरावात ती उत्तम काम करते. पाण्याने भरलेल्या मऊ चिकण मातीत मात्र दाबामुळे छिद्रांतील पाण्याचा दाब वाढतो, माती आणखी मऊ होते आणि पुढे महिनोन्महिने पाणी निघून जाताना पुन्हा बसते.

चौथी जेट ग्राऊटिंग. यात शेकडो बार दाबाच्या झोताने माती कापून सिमेंटशी जागीच मिसळतात आणि खांब तयार करतात. ही पद्धत १९७० च्या दशकात जपानमध्ये पुढे आली. चिकण मातीतही ती चालते, पण यंत्रसामग्री मोठी लागते आणि खांब घट्ट होईपर्यंत पायाखालची माती द्रवरूप असते, म्हणून जुन्या दगडी जोत्याच्या वाड्याखाली ती सहज वापरण्याजोगी नाही.

पायाखाली फुगणारी काळी माती असेल तर ग्राऊटऐवजी पाणी नियंत्रण, घराभोवती सुमारे एक ते दीड मीटर रुंदीचे लवचीक प्लिंथ प्रोटेक्शन (भिंतीलगत पाणी मुरू न देणारा पट्टा), किंवा पाया हालचालीच्या थराखाली नेणारे अंडरपिनिंग यांचा विचार करावा. नवे बांधकाम असेल तर अंडर-रीम्ड पाइल (खालच्या टोकाशी फुगवटा असलेला काँक्रीटचा खांब) हा रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने याच मातीसाठी विकसित केलेला पर्याय आहे आणि तो आय.एस. २९११ च्या तिसऱ्या भागात दिला आहे. चुन्याची स्लरी (पाण्यात कालवलेले पातळ मिश्रण) इंजेक्ट करावी असे काही जण सुचवतात. चुना काळ्या मातीत मिसळला तर तिचा चिकटपणा आणि फुगवटा खरोखर कमी होतो, पण मिसळणे आणि टोचणे यांत मोठे अंतर आहे. टोचलेला चुना भेगांतून जातो, ओतप्रोत मिसळत नाही.

चौथी पायरी: छिद्रे आणि मिश्रण

येथून पुढे आपली जमीन ग्राऊट घेणारी आहे असे गृहीत धरले आहे, म्हणजे पोकळी, भराव, मळीतील जाडी वाळू किंवा मुरमातील भेगा. कामासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, कारण भूजल उतरलेले असते आणि माती ना पूर्ण फुगलेली ना पूर्ण आकसलेली असते.

छिद्रे साधारण ५० ते ७५ मिलिमीटर व्यासाची असतात आणि फुटिंगच्या दोन्ही बाजूंनी, तिच्याखाली पोहोचतील अशी तिरकी घेतात. अंतर सुरुवातीला दीड मीटर ठेवून एकाआड एक छिद्र भरावे आणि मग मधली छिद्रे घ्यावीत. मधल्या छिद्रांनी पहिल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी ग्राऊट घेतले तर काम योग्य दिशेने चालले आहे. पहिल्याइतकेच घेतले तर ग्राऊट दुसरीकडे कुठे तरी पळत आहे. शेजारची दोन छिद्रे लागोपाठ भरू नयेत. चिकण मातीच्या थरातून जाताना पाणी वापरून ड्रिलिंग करू नये, ऑगरने (मळसूत्री गिरमिटाने) कोरडेच घ्यावे, कारण ज्या मातीला पाण्याने बिघडवले तिलाच आपण आणखी पाणी पाजत असतो.

मिश्रणासाठी हाताने फावडे मारणे पुरेसे नाही, जलदगतीचा मिक्सर हवा. पोकळीसाठी वजनाने पाणी-सिमेंट प्रमाण ०.५ ते १ च्या दरम्यान ठेवतात. ५० किलोच्या एका पोत्यातून ०.५ प्रमाणात सुमारे ४१ लिटर आणि १ प्रमाणात सुमारे ६६ लिटर स्लरी मिळते. समजा चार बाय तीन मीटरच्या खोलीच्या फरशीखाली सरासरी ५ सेंटीमीटर पोकळी आहे, तर आकारमान ६०० लिटर होते आणि घट्ट स्लरीची साधारण १५ पोती लागतात. हा हिशेब काम सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावा. २५ पोती जाऊनही दाब येत नसेल तर थांबून शोध घ्यावा, आणखी पोती मागवू नयेत.

सिमेंट खाली बसू नये म्हणून त्याच्या वजनाच्या २ ते ५ टक्के बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी बारीक चिकण माती) घालतात. ते आधी वेगळे पाण्यात भिजवून फुगवून घ्यावे. प्रत्येक घाण्याची घनता मोजावी. वजनाने समसमान पाणी-सिमेंट असेल तर ती लिटरला सुमारे १.५२ किलो यायला हवी. त्यापेक्षा कमी आली तर मिक्सरवरच्या माणसाने पाणी वाढवले आहे. एक लिटरच्या मोजपात्रात नमुना दोन तास ठेवावा. वर आलेले पाणी ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, कारण ते पाणी जेवढे, तेवढी पोकळी फरशीखाली पुन्हा राहते.

पाचवी पायरी: दाब, आणि कुठे थांबायचे

जमिनीच्या वजनापेक्षा जास्त दाब दिला तर जमीन उचलते. घराखालच्या उथळ कामात प्रत्येक मीटर खोलीमागे दर चौरस सेंटीमीटरला साधारण पाव किलो ही मर्यादा धरावी, म्हणजे दोन मीटर खोलीवर अर्धा किलो. हा आकडा किरकोळ वाटतो, म्हणून त्याचे बळ समजून घ्यावे. अर्धा किलो दाबाचे ग्राऊट एक चौरस मीटर जागेत पसरले तर वर पाच टनांचे बळ लागते, आणि नऊ इंची विटेची तीन मीटर उंच भिंत दर मीटर लांबीला सव्वा टनाच्या आसपासच भरते. कॉम्पॅक्शन पद्धतीत दाब यापेक्षा बराच जास्त असतो, म्हणूनच ती अनुभवी चमूकडूनच करून घ्यावी. गेज पंपापाशी नव्हे, तर छिद्राच्या तोंडापाशी बसवावा.

भरणे खालून वर, थोडे थोडे करत यावे. जमीन सैल असेल तर पॅकर (छिद्राचा हवा तेवढाच भाग बंद करणारे बूच) लावून टप्प्याटप्प्याने भरावे. पंपावर एक माणूस, गेज आणि नोंदवहीवर दुसरा आणि घरात तड्यांवर, फरशीवर आणि पातळीवर लक्ष ठेवणारा तिसरा, एवढी माणसे लागतातच. तिसऱ्या माणसाला पंप थांबवण्याचा पूर्ण अधिकार द्यावा. पुढीलपैकी काहीही घडले की पंप बंद करावा: ठरलेल्या दाबावर पाच-दहा मिनिटे ग्राऊट जाणे जवळजवळ थांबले, डायल गेज किंवा ऑटो लेव्हल या उचल मोजणाऱ्या उपकरणांवर एक-दोन मिलिमीटर उचल दिसली, ठरवलेले परिमाण संपले, किंवा ग्राऊट चेंबर, आड, बोअर अथवा शेजाऱ्याच्या अंगणात दिसले. दाब अचानक पडणे ही आनंदाची गोष्ट नसून माती फाटल्याची खूण असते. बसलेले घर पंपाने पुन्हा मूळ पातळीवर उचलून देतो, असे कोणी सांगितले तर ते काम नाकारावे. विटांच्या बांधकामाला ती उचल नवे तडे देते.

काम सुरू करण्याआधी महापालिकेकडून ड्रेनेज आणि पाण्याच्या लाइनची माहिती घ्यावी आणि शेजाऱ्यांच्या भिंतींची छायाचित्रे त्यांच्या समक्ष काढावीत. पुढचे बरेचसे वाद त्यामुळे टळतात. सिमेंटची स्लरी तीव्र अल्कधर्मी असते, म्हणून चष्मा, रबरी हातमोजे आणि मास्क प्रत्येकाला द्यावेत. नळी तुंबली तर आधी दाब शून्यावर आणून मगच जोड उघडावा. उरलेली स्लरी आणि धुण्याचे पाणी गटारात किंवा नदीकडच्या ओढ्यात सोडू नये, ते खड्ड्यात घट्ट होऊ द्यावे.

काम झाल्यावर

छिद्रागणिक खोली, दाब, पोती, वेळ आणि थांबण्याचे कारण यांची नोंदवही ठेकेदाराकडून मूळ स्वरूपात घ्यावी. जमिनीत काय झाले याचा तोच पुरावा असतो. किमान २८ दिवसांनी, भरलेल्या छिद्रांच्या मधोमध एक नवा बोअर घेऊन पेनेट्रेशनचे घाव आधीच्या घावांशी ताडून पाहावेत. फरशीखालचे काम असेल तर पुन्हा ठोकून बद्द आवाज कुठे उरला ते पाहावे आणि तेवढीच जागा पुन्हा भरावी.

तडे लगेच बुजवून गिलावा करण्याची घाई करू नये. काचेच्या नव्या पट्ट्या लावून त्या एक पावसाळा आणि त्यानंतरचा मे महिना पाहू द्याव्यात. पावसाळ्यात पट्टी तडकली तर पाण्याचा एखादा मार्ग अजून उघडा आहे, त्याचा शोध पाइप आणि चेंबरपासून सुरू करावा. मे महिन्यात तडकली तर हालचाल काळ्या मातीच्या आकसण्याची आहे आणि तिथे आणखी ग्राऊट भरणे पूर्ण थांबवून प्लिंथ प्रोटेक्शन, झाडाचे अंतर आणि अंडरपिनिंग यांचा विचार स्ट्रक्चरल इंजिनिअरबरोबर नव्याने करावा. दोन्ही ऋतूंत पट्ट्या अखंड राहिल्या, तरच तडे कापून, योग्य मसाल्याने भरून त्यावर गिलावा करावा.